'वेगवान' गाडी म्हणजे नक्की कोणती? पिकअप, त्वरण आणि कमाल वेग

गिरगावहून, धाग्याची सुरुवात

एका मासिकासाठी स्पोर्ट्स कारवर लेख लिहिते आहे. अशी गाडी किती जोरात पळेल आणि किती पटकन वेग घेईल, हे कशावर ठरतं, एवढाच विषय. माहिती जमली, आकडे जमले, आणि पहिल्याच परिच्छेदात अडकले. वाक्य असं होतं : 'ही गाडी ३ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते, त्यामुळे ती अतिशय वेगवान आहे.'

दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा त्यातलं 'त्यामुळे' टोचलं. लवकर १०० गाठणारी गाडी पुढे २०० वरच थांबत असेल तर? टेस्लाची विजेवर चालणारी पहिली रोडस्टर २००८ साली आली, ती अशीच होती. उभ्या जागेवरून ताशी ९६ किलोमीटर ४ सेकंदांच्या आत, पण कमाल वेग २०१ च्या आसपास. सुरुवातीला भल्याभल्यांना मागे टाकणारी, लांब सरळ रस्त्यावर मात्र मागे पडणारी. तिला वेगवान म्हणायचं की नाही?

शाळेत आपण चार शब्द शिकलो. चाल, वेग, गती, त्वरण. अंतर भागिले वेळ म्हणजे चाल, त्यात दिशा आली की वेग, वेग बदलण्याचा दर म्हणजे त्वरण. जुन्या शास्त्रीय लेखनात त्वरणाला 'प्रवेग' म्हटलेलंही वाचलं आहे. 'त्वरण' मुळात सुंदर शब्द आहे, त्वरा, त्वरित, सत्वर या सगळ्यांचा सख्खा भाऊ. पण 'या गाडीचं त्वरण छान आहे' असं मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. सगळे 'पिकअप' म्हणतात. पिकअपचा शब्दशः मराठी अर्थ 'उचल', पण ऊसतोडणीच्या मुलखात उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, आणि तो अर्थ इतका पक्का आहे की गाडीला तो शब्द लागूच होत नाही.

मग लिहावं काय?

परळहून

ताई, मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल शिकवायचो, आता निवृत्त आहे. तुमचं 'त्यामुळे' चुकीचंच आहे. ते टोचलं हे फार बरं झालं.

आधी गॅरेजमधली गोष्ट सांगतो, कारण या बाबतीतली खरी मराठी तिथे आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज आहे. गेल्या महिन्यात एक टॅक्सीवाला आला आणि म्हणाला, 'पिकअपच घेत नाही, पुलावर चढताना दम खाते.' मेकॅनिकने बॉनेट उघडलंच नाही. गाडी चालू केली, हँडब्रेक ओढला, वरचा गिअर टाकून हळूहळू क्लच सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं, ते पडलं नाही, आरामात घुरघुरत राहिलं. तो म्हणाला, 'क्लच प्लेट गेली. रेस वाढते, गाडी वाढत नाही.'

'रेस वाढते, गाडी वाढत नाही.' वर्गात हे समजवायला मला दोन तास लागायचे. इंजिन किती जोर काढतं हा एक प्रश्न, त्यातला चाकापर्यंत किती पोचतो हा दुसरा, आणि चाकापाशी पोचलेला किती रस्त्याला लागतो हा तिसरा. गाडी वेग किती लवकर घेते ते या तिसऱ्या टप्प्यावर ठरतं.

तुमच्या लेखात 'ताकद' हा शब्द असणारच. तो काढा. मराठीत तीन वेगळ्या गोष्टींना आपण सरसकट ताकद म्हणतो.

पहिली गोष्ट बल, म्हणजे गाडीला पुढे रेटणारा जोर. दुसरी टॉर्क. पुस्तकात त्याला आघूर्ण म्हणतात, मी वर्गात 'पीळ' म्हणायचो. गंजलेला नट साध्या पान्याने हलत नाही तेव्हा मेकॅनिक पान्याच्या दांड्याला हातभर पाइप लावतो आणि त्याच हाताने तो नट सोडवतो. हाताचा जोर तेवढाच, लांबी वाढली, पीळ वाढला. तिसरी गोष्ट शक्ती, जी आपण अश्वशक्तीत मोजतो : पीळ आणि मिनिटाला होणारे फेरे यांचा गुणाकार. गिअरबॉक्स पीळ वाढवू शकते, पण तेवढेच फेरे कमी करून. शक्ती मात्र कोणताही गिअर वाढवू शकत नाही. म्हणून पहिल्या गिअरमध्ये गाडी उसळी घेते आणि तिथेच तिचं धावणं संपतं, तर शेवटच्या गिअरमध्ये ती उभ्या जागेवरून निघणारही नाही.

आता वेग घेणं. बल भागिले वस्तुमान म्हणजे त्वरण, हे न्यूटनचं. म्हणून वजन कमी करायचं, म्हणून कार्बन फायबर वापरायचं. पण एका हद्दीपुढे प्रश्न इंजिनाचा राहतच नाही, टायरचा होतो. टायरची पकड गाडीच्या वजनाइतकीच आहे असं धरलं, तर चारही चाकं ओढत असूनसुद्धा १०० गाठायला सुमारे २.८ सेकंद लागतातच. इंजिन दुप्पट मोठं केलं तरी हा आकडा खाली येत नाही, चाक जागच्या जागी फिरतं आणि धूर निघतो. त्याहून लवकर जायचं तर जास्त चिकट टायर लागतात. गाडी निघताना तिचा भार मागच्या चाकांवर जातो, म्हणून मागची चाकं ओढणारी असावीत आणि इंजिनही मागे असावं, ही स्पोर्ट्स कारची जुनी युक्ती. पोर्शे ९११ चं इंजिन अगदी मागच्या आसाच्याही मागे असतं.

इथे शब्दाचा एक सापळा आहे. 'घर्षण कमी केल्याने गाडी वेगवान होते' असं सर्रास लिहितात. टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण कमी झालं तर गाडी हलणारच नाही. आपल्याकडे जूनमध्ये पहिल्या सरीनंतर सिग्नलला काय होतं ते आठवा. टायरच्या बाबतीत 'पकड' म्हणा, हवेच्या बाबतीत 'विरोध' म्हणा. घर्षण हा शब्द दोन्हीकडे वापरला की वाचकाला मित्र कोण आणि शत्रू कोण तेच कळत नाही.

कळव्याहून

काका, फार छान. पकड आणि विरोध हे वहीत लिहून घेतलं.

मी रोज लोकलने येतो, म्हणून माझं उदाहरण तिथलं. राजधानी ताशी १३० पर्यंत जाते, लोकल त्याच्या खालीच राहते. पण एकाच वेळी सुटल्या तर पहिल्या स्टेशनापर्यंत लोकल पुढे असेल. राजधानीत सगळा जोर इंजिनाचा, डबे नुसते ओढले जातात, तर १२ डब्यांच्या आपल्या नेहमीच्या लोकलमध्ये मधूनमधून मोटर असलेले डबे असतात, त्यामुळे जोर लावणारी चाकं गाडीभर पसरलेली असतात. वंदे भारतही त्याच जातीची, म्हणून तीही लवकर वेग घेते. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीचं तत्त्व हेच ना?

आणि आम्ही प्रवासी काय म्हणतो बघा. 'गाडीने वेग घेतला.' 'गाडी वेगात आहे.' दोन वेगळ्या गोष्टी, नाम एकच, फक्त क्रियापद बदललं.

गिरगावहून

दादा, हे वाचून मी उठून उभी राहिले! मी नाम शोधत बसले होते, आणि आपल्या भाषेने हा फरक क्रियापदात ठेवला आहे. वेग घेणे, वेग धरणे, वेग गाठणे, वेग येणे, वेग मंदावणे. पाऊस जोर धरतो, कामाला वेग येतो, गाडी वेग घेते. यातलं प्रत्येक क्रियापद त्वरणच सांगतं, आणि एकही वाचक अडखळत नाही. 'सुसाट' आणि 'भरधाव' मात्र आधीच वेगात असलेल्या गाडीचे शब्द. भरधाव सुटली म्हणतो, पण भरधाव 'झाली' म्हणत नाही. आणि 'भरधाव वेगाने' हे तर दुहेरीच, धाव त्यात आहेच.

काका, कमाल वेगाचं राहिलं. 'कमाल वेग' लिहिलं की सागरी सेतूवरची ८० ची पाटी डोळ्यांपुढे येते, ती कायद्याची मर्यादा. गाडीची स्वतःची मर्यादा कशाने पडते?

परळहून

हवेने. लोकलच्या खिडकीशी वर्तमानपत्र उघडून बसा. गाडी स्टेशनातून निघते तेव्हा पान शांत असतं, थोड्या वेळाने फडफडतं, आणि फास्ट गाडी पूर्ण वेगात आली की हातातून ओढलं जातं. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. त्या विरोधाला तोंड देत तेवढ्याच वेगाने जात राहायचं तर शक्ती आठपट लागते. म्हणजे वेगाचा वर्ग नव्हे, घन. इंजिनाची सगळी शक्ती हवेशी झगडण्यात संपते तो क्षण म्हणजे कमाल वेग. तिथे त्वरण शून्य असतं. तुमच्या दोन शब्दांचं नातं हे असं आहे : एक संपतो तिथे दुसरा येतो.

बुगाटी वेरॉन या गाडीवर हे आकड्यांत दिसतं. २००५ साली १००१ अश्वशक्तीवर तिने ताशी ४०८ किलोमीटर गाठले. तिच्याच २०१० च्या सुपर स्पोर्ट आवृत्तीला १२०० अश्वशक्ती दिली, म्हणजे जवळपास २० टक्के जास्त. घनाच्या हिशोबाने वेग ४३३ च्या आसपास यायला हवा. प्रत्यक्षात आला ४३१. मी हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा वही मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. जवळजवळ २०० घोडे वाढवले आणि हाती आले तेवीस किलोमीटर.

म्हणून कमाल वेगासाठी घोडे वाढवण्यापेक्षा आकार सुधारणं स्वस्त पडतं. वेरॉनला कमाल वेगासाठी वेगळी चावी होती. ती फिरवली की गाडी आणखी खाली बसायची आणि मागचा पंख आत जायचा. ती चावी नसली तर ३७५ वर थांबायची. पंख गाडीला रस्त्यावर दाबून वळणावर पकड देतो आणि सरळ रस्त्यावर वेग खातो. फॉर्म्युला वनच्या गाड्या मॉन्झाच्या लांब सरळ ट्रॅकवर बारीक पंख लावतात आणि मोनॅकोच्या वळणावळणाच्या ट्रॅकवर मोठे, ते यासाठीच.

सपाट रस्त्यावर कमाल वेगात वजनाचा वाटा फार थोडा, वेग घेण्यात मात्र वजन फार मोठं. एका गुणावरून दुसरा ठरवता येत नाही, ते यामुळे.

माहीमहून

काका, एक भर घालते. कित्येक जर्मन गाड्या २५० वर थांबतात त्या हवेमुळे नाही, कंपन्यांनीच तिथे बांधल्या आहेत म्हणून. अशा गाडीबद्दल 'कमाल वेग' न लिहिता 'बांधलेला वेग' लिहावं का?

परळहून

लिहावं. टेस्लाची ती रोडस्टरही बांधलेलीच होती. विजेच्या मोटरचं आणखी एक आहे, तिचा पूर्ण पीळ पहिल्या क्षणापासून मिळतो आणि बहुतेक गाड्यांत एकच गिअर असतो. म्हणून निघताना झेप जबरदस्त, आणि वर मोटरच्या फेऱ्यांची हद्द लवकर येते. पोर्शेने टायकानच्या मागच्या आसाला दोन गिअर दिले ते ही दोन्ही टोकं साधायला.

गिरगावहून

वाक्य बदललं. आता असं आहे : 'ही गाडी ३ सेकंदांत १०० चा वेग घेते. ती किती वेगाने पळेल हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर हवा देते.'

पिकअप तसाच ठेवते, गॅरेजमधल्या माणसाच्या तोंडी. त्वरण एकदाच येईल, सूत्राच्या चौकटीत. टॉर्कला पहिल्यांदा 'टॉर्क, म्हणजे पीळ' आणि नंतर नुसतं पीळ. पान्याचं उदाहरण घेऊ का, काका?

परळहून

घ्या की. फक्त पाइप हातभरच लिहा. फार लांब लावला तर नट सुटण्याऐवजी बोल्ट तुटतो.