नफा आधी की सीएसआर आधी?

असं म्हणतात की सीएसआरवर (म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामांवर) जास्त खर्च करणाऱ्या बँकांचा नफा पण जास्त दिसतो, म्हणजे सीएसआर फायद्याचं. पण हे उलटंही असू शकतं ना, ज्या बँकेकडे पैसा खुळखुळतोय तीच देणग्या देणार, तोट्यातली कुठून देईल? म्हणून नुसतं त्याच वर्षाचं आरओए (मालमत्तेच्या तुलनेत नफा) आणि सीएसआर शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही, निदान आदल्या वर्षांचा खर्च आणि नंतरचा नफा बघायला हवा, शिवाय बँकेचा आकार, भांडवल, एनपीए (थकीत कर्जं) हे सगळं धरून. आणि बरेचदा सीएसआर म्हणून मोजतात काय तर वार्षिक अहवालात किती पानं भरलीत ते 😀

माझ्या मते बँकेची खरी जबाबदारी देणग्यांत नसतेच, कर्ज कोणाला देता आणि ग्राहकाच्या गळ्यात काय मारता त्यात असते. अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक देणग्या देण्यात मागे नव्हती, तरी टार्गेटपायी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली गेली. २०१६ ला १८.५ कोटी डॉलर दंड, मग २०२० ला ३०० कोटी डॉलरची तडजोड, वर फेडने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने) मालमत्ता वाढवायलाच बंदी घातली ती वेगळी. हा फटका सीएसआरच्या कुठल्या रकान्यात धरणार?