एकच तबकडी, पण दोन प्रतींत दोन वेगळे षड्ज: खरा कोणता मानावा?

पुसट_लेबल: मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या एका जुन्या तबकडीवरचे ख्यालगायन नुकतेच ऐकायला मिळाले आणि आवाजाने मी अक्षरशः खिळून गेलो. आणखी शोध घेतल्यावर त्याच तबकडीची दुसरी एक प्रत सापडली. मात्र पहिलीपेक्षा ती जवळजवळ अर्ध्या स्वराने खाली आहे आणि लयही थोडी संथ आहे. पहिल्या प्रतीत गायिकेचा षड्ज (सा) पेटीच्या काळी पाच आणि पांढरी सात या पट्ट्यांच्या मधोमध येतो, तर दुसरीत पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मध्ये. माझ्या पसंतीस उतरलेला आवाज तिचाच होता की चुकीच्या वेगाने तयार झालेला, हे कसे ठरवावे?

सुईटोक: ‘अठ्ठ्याहत्तर’ हा आकडा पुढे रूढ झाला, विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास सुरू होण्यापूर्वीच्या तबकड्या याहून बऱ्याच कमी किंवा जास्त वेगाने कोरलेल्या आढळतात. वेगात सुमारे ६ टक्के फरक पडला की पट्टी एका श्रुतिस्थानाने (म्हणजे अगदी सूक्ष्म अंतराने) नव्हे, तर पूर्ण अर्ध्या स्वराने सरकते. आपल्या दोन प्रतींमधले अंतर नेमके तेवढेच आहे, आणि लयही सोबत बदलली असल्याने हा वेगाचाच घोटाळा दिसतो. केवळ पट्टी बदलणाऱ्या संगणकीय प्रक्रियेत लय तशीच राहिली असती. प्रमाण वेगसुद्धा एकच नव्हता: ५० हर्ट्झच्या विजेच्या दिव्याखाली वेग तपासण्याची ७७ रेषांची चकती स्थिर दिसली की वेग ७७.९२ असतो, तर ६० हर्ट्झखाली ९२ रेषांची चकती ७८.२६ दाखवते. हा फरक अर्थात कानाला जाणवण्याजोगा नाही.

साथीची_पेटी: मागे पेटीची साथ असेल, तर उत्तर तिथेच मिळेल. पेटीच्या पट्ट्यांच्या मधोमध षड्ज धरून कोणीही गात नाही, त्यामुळे आपल्या दोन्ही प्रती चुकीच्या असण्याचीच शक्यता मला अधिक वाटते. पेटीचा सूर जवळच्या पट्टीवर येईपर्यंत वेग हळूहळू बदलून पाहावा.

सुईटोक: हे मान्य, पण जपून. वाद्ये जुळवण्यासाठीचे ४४० हर्ट्झचे प्रमाण १९३९ च्या लंडन परिषदेत सुचवले गेले. त्याआधीची पेटी आजच्या पेटीशी तंतोतंत जुळेलच, असे गृहीत धरता येत नाही. पेटी आपल्याला शक्यतांच्या जवळ नेऊन सोडते. पुढचे काम उच्चारांवर सोपवावे. वेग वाढला की ‘आ’काराचा गाभा पोकळ होतो, ‘स’ टोचू लागतो आणि दोन आलापांमधला श्वास धाप लागल्यासारखा वाटतो.

तिहाई: अशी चूक नामांकित ध्वनिमुद्रणांतही झालेली आहे. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या १९५९ च्या अल्बमची पहिली बाजू मुद्रित होताना मुख्य यंत्र किंचित हळू चालत होते, त्यामुळे नेहमीच्या वेगाने ऐकताना ती बाजू मूळ सुरापेक्षा चढी वाजत असे. दुसऱ्या यंत्रावरची राखीव फीत वापरून १९९२ च्या आवृत्तीत ही चूक सुधारली गेली. म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ रसिकांनी चढे सूरच मनापासून ऐकले. तेव्हा आपल्याला पहिली प्रत आवडली, यात लाजण्यासारखे काही नाही.

पुसट_लेबल: सर्वांचे आभार. पहिली प्रत ७८ फेऱ्यांची धरून तिचा वेग ७६ च्या जवळपास आणला, तेव्हा पेटी काळी पाचवर स्थिरावली. दोन्ही प्रतींपैकी एकही बरोबर नव्हती, हा साथीची_पेटी यांचा अंदाज खरा ठरला असे दिसते. सुईटोक यांची सूचना लक्षात ठेवून उच्चारही ऐकले. ज्या तानेसाठी मी ही तबकडी वारंवार लावत होतो, तिच्या शेवटी निषादावर एक बारीकसा थांबा आहे. पहिल्या प्रतीत तो घाईत निसटून जात होता, आता स्पष्ट ऐकू येतो. जुनी प्रत मात्र अजून काढून टाकलेली नाही.