जिनिंगचा डेटाबेस क्लाउडवर टाकू का? हंगाम तर पाचच महिने

काटापट्टी (हिंगणघाट तालुका)
राजेहो, सल्ला पाहिजे. छोटं जिनिंग आहे आमचं, कापसातून सरकी काढायचं. काट्यावरचं वजन, शेतकऱ्यांचे चुकारे, सगळं मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये, अन् ते काट्याच्या खोलीतल्या एका पीसीवर. मागच्या डिसेंबरात लाइन गेली, परत आली तर हार्डडिस्क उठलीच नाही. पेनड्राइव्हवरचा बॅकअप अकरा दिवस जुना. मी अन् मुनीमजींनी अकरा दिवसांच्या पट्ट्या कार्बनच्या प्रतीवरून पुन्हा टाइप केल्या. अर्ध्यांवर आकडा ३ आहे की ८, तेच समजेना. मालक म्हणून राहिले, ॲमेझॉन आरडीएस घे, म्हणजे त्यांच्या क्लाउडवर भाड्याचा डेटाबेस. पण गाड्या येतात दिवाळी ते मार्च. बाकी दिवस काट्यावर चिमण्या. तेव्हाचं भाडं काहून भरायचं? बंद ठेवता येते का?

वणीकर
येते, पण सातच दिवस. मग आपोआप सुरू होते. मले हे बिल पाहून समजलं. बंद असली तरी डिस्कचे पैसे लागतेच. हंगाम संपला की हातानं स्नॅपशॉट (पूर्ण डेटाबेसची प्रत) घे, इन्स्टन्स (तो भाड्याचा सर्व्हर) उडव, दसऱ्याला त्यातूनच परत उभी कर. आपोआपच्या बॅकअपवर राहू नको, ते जास्तीत जास्त ३५ दिवसांचे. अन् डिस्क लहानच घे, नंतर वाढवता येते.

गाव वरोरा, नोकरी पुणे
नेटचं काय? ॲमेझॉनचं मुंबई रीजन (तिथली डेटा सेंटरं) २०१६ पासून आहे, पण तुमच्या गावापासून तिथवरचा धागा तुटला तर काटा उभा अन् बाहेर गाड्यांची रांग. वजन पीसीवरच घ्या, पट्ट्या मागून वर पाठवा. ३३०६ पोर्ट (मायएसक्यूएलचा नेटवरचा दरवाजा) जगासाठी उघडा ठेवू नका, हात जोडून सांगतो. आणि चुकून टेबल उडालं तर मागच्या वेळेवर जाता येतं, पण जुन्याच डेटाबेसमध्ये नाही. शेजारी नवीन उभा राहतो, सॉफ्टवेअरमध्ये पत्ता बदलावा लागतो.

काटापट्टी
नेटचं खरं आहे, वारा सुटला की टॉवर जाते. पण भाऊ, वजन पीसीवरच राहणार अन् वर फक्त कॉपी, तर आरडीएस तरी काहून?

वणीकर
मालक बाहेरगावाहून पट्ट्या, चुकारे पाहतात का? पाहत असतील तर घे. नाही तर दर तासाला डम्प (सगळ्या डेटाची फाइल) काढून एस-थ्रीवर (ॲमेझॉनची फायली ठेवायची जागा) टाक, लई स्वस्तात पडते. फक्त महिन्यातून एकदा तो डम्प दुसऱ्या पीसीवर उघडून पाहत जा.

काटापट्टी
मालक कुठचे पाहतात! सायंकाळी फोन करतात, "आज किती क्विंटल?" डम्पच टाकतो.