मदत हवी आहे: रँकमध्ये एस मास्टर, पण स्क्रिममध्ये नंबर खालीच राहतो (बीजीएमआय, नाशिक)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण प्लीज पूर्ण वाचा, अर्धवट सांगितलं तर उत्तर पण अर्धवटच मिळेल.

आम्ही नाशिकचे चौघं. मी सातपूरला एका कंपनीत सीएनसीवर आहे, एक जण सिडकोतला, तो डिलिव्हरी करतो, एक नाशिकरोडचा, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला, आणि चौथा माझा मावसभाऊ, पंचवटीत राहतो आणि काकांच्या दुकानात बसतो. २०१९ ला मी दहावीत होतो तेव्हापासून सोबत खेळतोय. तेव्हा पबजी मोबाईल होता, मग सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, मग जुलै २०२१ ला त्याचाच भारतातला अवतार बीजीएमआय आला, वर्षभराने तोही स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ ला परत आला. एवढं सगळं होऊनसुद्धा आमचा स्क्वाड तुटला नाही. गेम बंद होता तेव्हा लुडो खेळायचो पण रात्री कॉलवर चौघं असायचोच, आणि तो कॉल रोज लावायचा मावसभाऊ.

रँकमध्ये, म्हणजे कोणीही येऊन खेळतो त्या रोजच्या मॅचमध्ये, आमचं बरं चाललंय. तिघं एस मास्टर या वरच्या दर्जात, आणि सिडकोवाला एका सीझनला कॉन्करर म्हणजे सर्व्हरच्या पहिल्या ५०० मध्ये जाऊन आला. त्याचा एम४१६ बंदुकीचा स्प्रे (सलग गोळ्या मारणं) खरंच बघण्यासारखा आहे, चार बोटं आणि जायरो (फोन हलवून नेम). दिवाळीनंतर आम्ही ठरवलं की आता नुसतं टाइमपास नको, टीम म्हणून खेळायचं, कस्टम रूम (खासगी मॅच) लावायच्या, स्क्रिम (टीम विरुद्ध टीम सरावाच्या मॅच) द्यायच्या, आणि जमलं तर पुढच्या ओपन क्वालिफायरला (स्पर्धेच्या खुल्या निवड फेरीला) नाव टाकायचं.

पहिल्या रात्री तीन मॅच. १२ वा, १४ वा आणि ९ वा नंबर, तिन्ही मिळून ५ किल. पॉइंट किती, तर ५. कारण पहिल्याला १०, मग ६, ५, ४, ३, २, आणि सातव्या-आठव्याला १-१, नवव्यापासून खाली शून्य, आणि किलला एक. रँकमध्ये एका मॅचला १५-१५ किल काढणारे आम्ही, रात्रभर कोणी काही बोललंच नाही. वाटलं पहिला दिवस आहे, होतं असं. पण आता चार रात्री झाल्या, १२ मॅच, आणि सगळ्यात चांगली मॅच म्हणजे ५ वा नंबर आणि ४ किल. बाकी सगळं खालीच.

आता खरा प्रश्न. सिडकोवाला म्हणतो मावसभावाला बदलूया. त्याचे किल सगळ्यात कमी आहेत हे खरंय, १२ मॅचमध्ये ३. फोनही त्याचा जुना आहे, तापला की फ्रेम पडतात. सिडकोवाल्याच्या ओळखीचा एक पोरगा आहे, टीडीएममध्ये (छोट्या मॅपवरची नुसती मारामारी) भारी खेळतो, तो यायला तयार आहे. नाशिकरोडवाला म्हणतो तुम्ही ठरवा. आणि मावसभावाला याची कुणकुण लागली असावी, कारण परवा तो स्वतःच म्हणाला, "मी थांबतो रे, तुम्ही घ्या कोणाला तरी." त्या दिवसापासून मला झोप लागत नाहीये. मला टीम पुढे न्यायचीय, पण ज्याने टीम उभी केली त्याला बाजूला करून कसं जायचं?

अजून काही गोष्टी, मग उत्तर देणाऱ्याला बरं पडेल. ड्रॉप, म्हणजे उतरायची जागा, आमचा एरांगल मॅपला कायम मिलिटरी बेस, लूट भरपूर म्हणून. खेळताना कॉल (कुठे जायचं, कधी भिडायचं ते सांगणं) ठरलेला कोणाचा नाही, ज्याला दिसतं तो बोलतो. मला एक आठवडा फर्स्ट आणि एक आठवडा सेकंड शिफ्ट असते त्यामुळे प्रॅक्टिस आठवड्याआड. नेटचं म्हणाल तर कुंभमेळ्याची रस्त्यांची कामं चालू आहेत, आमच्या भागात केबल तुटली की दोन-दोन दिवस मोबाईल डेटावर खेळावं लागतं. आणि एकदा पैसे भरून एक कस्टम लावली होती, रूमचा आयडी आलाच नाही, नंबर ब्लॉक, दोनशे रुपये गेले.

सांगा, चुकतंय कुठे? माणूस बदलायचा की खेळायची पद्धत?

—

झोन_आतला ने लिहिलंय:

भावा, मी तीन वर्षं एका टीमचा आयजीएल (खेळताना निर्णय देणारा) होतो, आता नोकरीमुळे बंद आहे. तुझं वाचून आमचे पहिले सहा महिने आठवले.

आधी एक समजून घे, रँक आणि स्क्रिम हा एकच मॅप असला तरी एकच गेम नाहीये. रँकला १०० जण उतरतात, त्यातले निम्मे पहिल्या दहा मिनिटांत एकमेकांना मारून मोकळे होतात, कोणी एकटा पळतो, कोणी नेट गेलं म्हणून उभा असतो. तिथे गोळीचा आवाज आला की पळत जाऊन मारायची सवय लागते आणि ती सवय तिथे बरोबरच आहे. स्क्रिमला १६ टीम, ६४ जण, आणि चौथ्या झोनपर्यंत (झोन म्हणजे आत राहायचा गोल, तो लहान होत जातो) दहा-बारा टीम पूर्ण चार-चार जणांनिशी जिवंत. म्हणजे तेवढ्याशा गोलात चाळीसेक बंदुका. तिथे तू एक गोळी मारलीस की तीन टीमना कळतं तू कुठे आहेस. फाईट जिंकून लूट बघेपर्यंत तिसरी टीम डोक्यावर येते.

दुसरं, मिलिटरी बेस. लूट आहे, मान्य, पण ते बेट आहे. झोन वर, मुख्य जमिनीकडे गेला की दोन पूल नाहीतर पोहत किंवा बोटीने, आणि पुलाच्या तोंडावर कोणीतरी बसलेलं असणारच, कारण त्यालाही माहितीय तुम्ही येणार. नव्या टीमने असा ड्रॉप घ्यावा जिथे दुसरी टीम उतरत नाही, गाड्या जवळ आहेत आणि पहिला झोन दिसला की कुठल्याही बाजूला निघता येतं. लूट कमी मिळेल, मिळू दे. चौघांकडे एक-एक बरी बंदूक, हेल्मेट-जॅकेट आणि प्रत्येकी चार-पाच स्मोक (धुराचे बॉम्ब) झाले की निघायचं. आम्ही गोळ्या कमी करून स्मोक भरायचो. उघड्यावर कोणी नॉक झाला (पडला, पण अजून मेला नाही) की उचलायला जवळपास दहा सेकंद लागतात, स्मोकशिवाय ते दहा सेकंद कोणी देत नाही.

माणूस बदलायच्या आधी एक काम कर. १२ मॅचची रेकॉर्डिंग असतील तर चौघं एका जागी बसून बघा, फोनवर नाही, समोरासमोर. प्रत्येक मॅचला फक्त दोन गोष्टी लिहायच्या, पहिला माणूस कुठे पडला आणि तेव्हा बाकीचे तिघं काय करत होते. किल मोजू नका. मग इथे येऊन सांग.

पैसे भरून कस्टम लावणं बंद करा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केलाय, ई-स्पोर्ट्स त्यात वेगळं धरलंय, पण टेलिग्रामवर दोनशे रुपये घेणारा यातलं काही बघत नसतो. फ्री स्क्रिम डिस्कॉर्डवर रोज असतात.

—

गोदाकाठ ने लिहिलंय:

वरच्यांनी गेमचं सगळं सांगितलंय, मी बोलण्याचं सांगते. आमची कॉलेजची मुलींची टीम होती, आम्ही हरायचो ते नेमबाजीमुळे नाही, कॉलवर चौघी एकदम ओरडायचो म्हणून. "इकडे इकडे, मारला मारला, अरे ये ना" याचा कोणाला काय उपयोग? वर कंपासवर आकडे असतात ते बोला. "२१०, दगडामागे दोन, एक नॉक." संपलं. आणि नॉक झालेल्याने गप्प बसायचं, पडलेला माणूसच सगळ्यात जास्त बोलतो हे बघून घ्या तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये.

मावसभावाचं. किल कमी म्हणजे तो कच्चा असं नसतं. जो पुढे जाऊन कंपाउंड रिकामं आहे का बघतो, जो मागची बाजू धरून बसतो, त्याला किल मिळतच नाहीत, दुसऱ्याला मिळतात ते त्याच्यामुळे. आणि टीडीएममध्ये भारी असणारा पोरगा आणला तर तुमच्याकडे दोन सिडकोवाले होतील, एकही बघणारा नाही. अर्थात रेकॉर्डिंगमध्ये तो खरंच काही करत नसेल तर तेही खरं बोला, नात्यामुळे लपवू नका. पण ते त्याच्या तोंडावर आणि तू स्वतः जाऊन बोल, ग्रुपवर नाही.

फोन तापतो तर कव्हर काढून खेळायला सांगा, चार्जिंगला लावून खेळायचं नाही, ग्राफिक्स स्मूथवर. आणि इअरफोन वायरचे वापरा, ब्लूटूथला आवाज उशिरा येतो, पावलं ऐकायच्या खेळात ते परवडत नाही.

—

मूळ धागाकर्ता:

ताई आणि दादा, दोघांचे मनापासून आभार. उशीर झाला कारण शनिवारची सुट्टी मिळेपर्यंत थांबलो.

मावसभावाकडेच बसलो, वरच्या खोलीत, टीव्हीला फोन जोडून. सकाळी दहाला सुरू केलं ते साडेतीन वाजले, मावशीने दोनदा चहा दिला आणि मग खालूनच आवाज दिला की आता जेवायला येताय का. वहीत लिहिलं. १२ पैकी २ मॅच ड्रॉपवरच दुसऱ्या टीमशी भिडून गेल्या. ३ वेळा फाईट जिंकून क्रेट (मेलेल्यांच्या सामानाची पेटी) उघडत असताना तिसरी टीम आली. आणि उरलेल्या ७ मॅचमध्ये आमचा पहिला माणूस पडला तो दुसऱ्या ते चौथ्या झोनच्या मधे, रोटेशन करताना, म्हणजे पुढच्या झोनकडे जाताना, त्यातले ४ तर पुलावर किंवा पूल ओलांडून लगेच. दादा, तुम्ही पुलाचं लिहिलं होतं तेव्हा मला वाटलं एखाद-दुसऱ्या वेळी झालं असेल.

पहिला पडणारा माणूस १२ पैकी ५ वेळा सिडकोवाला, ४ वेळा मी. मावसभाऊ एकदा. सातव्या मॅचला तर तो स्पष्ट बोलतोय, "३४० ला टेकडीवर गाडी थांबलीय, तिकडून नको", आणि त्याच्यावर मी आणि सिडकोवाला एकदम बोलतोय, आणि आम्ही तिकडूनच गेलो. ती क्लिप आम्ही तीनदा पाहिली. सिडकोवाल्याने काही न बोलता वहीत "ऐकलं नाही" असं लिहिलं आणि पुढची मॅच लावली. जेवून निघताना तो मावसभावाला म्हणाला, पुढच्या स्क्रिमला कॉल तू दे. मावसभाऊ म्हणाला मला सगळं जमणार नाही, कुठून जायचं एवढं मी सांगतो, फाईट कधी घ्यायची ते तू सांग. सध्या तसंच ठरलंय. नव्या पोराला सिडकोवाल्यानेच नको म्हणून कळवलं.

ड्रॉप सोडला मिलिटरीचा. कालच्या तीन मॅचला ७ वा, १३ वा, ६ वा, किल ८. म्हणजे ८ आणि १ आणि २ मिळून ११ पॉइंट. पहिल्या रात्रीच्या दुपटीहून जास्त. तेराव्याला परत जुनीच चूक, क्रेटवर थांबलो, तिथे मीच थांबलो होतो. नॉक झाल्यावर गप्प बसायचं अजून सिडकोवाल्याला जमत नाही पण दुसऱ्या मॅचपासून त्याने स्वतःच माईक बंद केला होता.

आता एरांगलला जरा मार्ग दिसतोय, पण मिरामार या दुसऱ्या मॅपला आमचं काहीच जमत नाही. उघडं रान, टेकड्या, घरं लांब-लांब. गाडीच्या आडोशाला थांबलो तर ती फुटायची भीती, सोडून पळालो तर मधे पडतो. तिथे गाडी किती वेळ वापरायची, चौघांनी दोन गाड्या घ्यायच्या की चार, आणि मधला झोन आधी धरायचा की कडेकडेने यायचं, हे कोणी मिरामार खेळलेल्याने सांगेल का? पुढचा आठवडा मला सेकंड शिफ्ट आहे, रात्री साडेअकरानंतर वाचेन. तोपर्यंत मावसभाऊ वाचेल, त्याला लिंक पाठवलीय.