किचन चिमणीच्या पाइपात साळुंकीचं घरटं: कधी काढायचं, कसं काढायचं, परत कसं रोखायचं?

पाचवा_मजला

पुणे, पाचवा मजला. किचन चिमणीचा ६ इंची अ‍ॅल्युमिनियम फ्लेक्सिबल पाइप ओट्यावरून साधारण दीड मीटर आडवा जाऊन बाहेरच्या भिंतीतून निघतो. भिंतीची जाडी ९ इंच. बाहेर प्लास्टिकचं पट्ट्यापट्ट्यांचं झाकण आहे, त्यातल्या दोन पट्ट्या तुटल्या आहेत. महिनाभरापासून साळुंक्यांची जोडी तिथून ये-जा करतेय. आधी चोचीत गवत आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे असायचे, आता ते बंद झालंय. तीन दिवसांपासून पाइपातून बारीक चिरचिर ऐकू येते. चिमणी लावली की धूर स्वयंपाकघरातच राहतो.

१) घरटं आत्ता काढता येईल का?
२) बाहेरून हात पोचेल अशी खिडकी किंवा गॅलरी नाही. सगळं काम आतून होईल का?
३) मिस्त्री म्हणतोय, डासांची जाळी ठोका आणि फटीत फोम मारा. चालेल का?
४) बाथरूमच्या एक्झॉस्टच्या भोकात चिमण्यांनीही काड्या आणायला सुरुवात केली आहे. त्याचं काय करू?

निरीक्षणवही

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, आत्ता काढू नका. चिरचिर म्हणजे पिल्लं फुटली आहेत.

साळुंकी एका वेळी ४-५ निळसर अंडी घालते, रोज एक. उबवायला साधारण दोन ते अडीच आठवडे लागतात आणि फुटल्यापासून पिल्लं उडायला आणखी साधारण साडेतीन आठवडे. तुमच्याकडे आवाज सुरू होऊन तीन दिवस झाले, म्हणजे अजून तीन आठवडे धरून चाला. गणित पक्कं करायचं असेल तर सकाळी ७ ते ८ समोरून किंवा खालून भोकावर नजर ठेवा. चोचीत अळी, नाकतोडा घेऊन दोघंही पुन्हापुन्हा आत जात असतील आणि बाहेर येताना पांढरी गोळी, म्हणजे पिल्लांची शीट, घेऊन उडत असतील तर पिल्लं नक्की आहेत. चोचीत नुसतं गवत असेल तर घरटं अजून बांधून व्हायचंय आणि ते त्याच दिवशी काढता येतं. एक पक्षी आत बराच वेळ गप्प बसतो, दुसरा बाहेर, असं दिसलं तर अंड्यांवर बसलेत.

आत्ता भोक बंद केलं तर काय होतं, तेही सांगतो, कारण हा सल्ला सर्रास दिला जातो. पिल्लं आत मरतात. मे महिन्याच्या उकाड्यात दोन दिवसांत वास, मग माश्या, मग फिल्टरमधून ओट्यावर पडणाऱ्या अळ्या. आईबाप बाहेर झाकण टोचत राहतात आणि मोठा पक्षी आत अडकला असेल तर तो ब्लोअरमध्ये उतरतो. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यातच पक्ष्यांची अंडी खराब करणं आणि अंडी-घरटी विस्कटणं येतं.

या तीन आठवड्यांत किचन चिमणी अजिबात लावू नका. प्लग काढून ठेवा, म्हणजे कुणी चुकून बटण दाबणार नाही. तिचा ब्लोअर गरम तेलकट हवा सरळ पिल्लांवर फेकतो. वाळकं गवत, प्लास्टिक आणि तेल एकत्र असल्याने खाली फोडणीचा भडका उडाला तर आगीचाही धोका आहे. तोवर खिडकी उघडी ठेवा आणि टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून लावा.

फिल्टरवर खरवड ऐकू आली तर पिल्लू खाली घसरलंय. फिल्टर काढा, हात पोचत असेल तर फडक्यात धरून पाइपात वर, घरट्याच्या दिशेने परत ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात हे खरं नाही. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

पिल्लं उडाल्यावर दोन दिवस आवाज आणि ये-जा पूर्ण थांबली याची खात्री करा आणि तिसऱ्या दिवशी घरटं काढा. याहून उशीर नको. साळुंकीची जोडी एकाच हंगामात त्याच भोकात दुसऱ्यांदा अंडी घालते, मग पुन्हा सहा आठवडे गेले.

बाथरूममध्ये नुसत्या काड्या आहेत, तर मोबाइलचा कॅमेरा आत घालून फोटो घ्या. अंडी नसतील तर आजच काढा. चिमणी चिकाटीची असते, चार-पाच दिवस रोज काढावं लागेल किंवा त्याच दिवशी जाळी बसवावी लागेल. तिला जागा हवीच असते, म्हणून जवळच्या भिंतीवर १२ × १२ सेंमी तळाची लाकडी पेटी लावा. भोक ३२ मिमी ठेवा. चिमणी आरामात जाते, साळुंकी शिरू शकत नाही.

डक्टमिस्त्री

वर सांगितलंय ते पाळा. माझं उत्तर घरटं रिकामं झाल्यानंतरचं.

हो, काम आतून होतं. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा. प्लग काढलेला असला तरी एमसीबीही पाडा. ओट्यावर प्लास्टिक अंथरा. किचन चिमणीच्या डोक्यावरच्या कॉलरवरून अ‍ॅल्युमिनियम टेप कापा, जुबिली क्लिप (पाइप आवळणारी स्क्रूची पट्टी) सैल करा, पाइप काढा. भिंतीकडचं टोकही तसंच सोडवा आणि पाइप आडवाच धरून, दोन्ही तोंडांवर पिशवी बांधून खाली उतरवा. काठीने घरटं बाहेर ढकलू नका. फ्लेक्सिबलचा पत्रा कागदासारखा पातळ असतो, फाटतो, आणि ढकललेलं घरटं खाली कुणाच्या तरी डोक्यावर पडतं.

तो पाइप साफ करत बसू नका, टाकून द्या. वळ्यांमध्ये गवत, शीट आणि तेल मिळून थर झालेला असतो, तो निघत नाही आणि वास राहतो. नवीन पाइप घेताना दीड मीटरला दीडच मीटर, ताणून बसवा. ढिला पाइप मधे झोळ खातो, झोळात तेल साचतं, हवा अडते.

कॉलरमध्ये एक झडप असते, तिला बॅक फ्लॅप म्हणतात. मोटर बंद झाली की ती आपोआप पडून बंद व्हायला हवी. बहुतेक घरांत ती तेलाने अर्धवट उघडी चिकटलेली असते आणि पक्षी खाली ब्लोअरपर्यंत उतरतात. गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुवा, बिजागरीला तेल लावू नका. नंतर मोटर बंद ठेवून पेटती उदबत्ती फिल्टरखाली धरा. धूर सरळ वर गेला तर झडप बसली, बाजूला हलला तर कुठेतरी फट आहे.

आता बाहेरचं तोंड. आतून बसवायचं असल्याने डक्टिंगवाल्याकडून जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याची १५० मिमी बाहेरच्या व्यासाची नळी वळवून घ्या. लांबी भिंतीच्या जाडीपेक्षा १० सेंमी जास्त, म्हणजे ९ इंची भिंतीला साधारण ३३ सेंमी. ५ सेंमी बाहेर, ५ सेंमी आत. बाहेरच्या टोकाला जाळीची टोपी रिव्हेटने मारून मग नळी आतून बाहेर सरकवा. बाहेर जायचा उतार १ सेंमी ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी घरात येत नाही. आतल्या टोकावर फ्लेक्सिबल चढवून जुबिली क्लिप आणि वरून टेप. पूर्वीचं तुटकं प्लास्टिकचं झाकण आतून हाताला लागलं तर ओढून घ्या, नाहीतर दोरीवरच्या कामगाराकडून काढा. वाकून काढू नका.

जाळी: एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) ची वेल्डमेश, १२ मिमी चौकोन, १ मिमी तार. ८५ टक्के जागा मोकळी राहते आणि चिमणीही शिरत नाही. साध्या जीआय तारेला कोकणात किंवा मुंबईत समुद्राच्या हवेने लवकर गंज चढतो. डासांची जाळी किचन चिमणीवर कधीच नाही. तिची छिद्रं तेल आणि धुळीने थोड्याच दिवसांत बंद होतात. मग मोटर गरम होते, धूर परत घरात, आणि लोक चिमणी खराब झाली म्हणून नवी घेतात.

१२ मिमीची जाळीसुद्धा भोकावर सपाट मारू नका. ६ इंची गोलाचं क्षेत्रफळ जेमतेम १८० चौरस सेंमी. तेवढ्याच जाळीवर सगळं तेल बसतं. त्याऐवजी भोकाबाहेर छोटा पिंजरा करता आला तर उत्तम: समोर २० × २० सेंमी, खोली १५ सेंमी. समोरची आणि चारही बाजूंची जाळी मिळून १६०० चौरस सेंमी होते, जवळपास नऊपट. पण पिंजरा भोकापेक्षा मोठा, म्हणून आतून जाणार नाही, बाहेरून लावावा लागेल. सोसायटी रंगकामाला दोरीवरचे कामगार बोलावते तेव्हा एकत्र करून घ्या. ८ मिमीचे चार रावळ प्लग पुरतात. तुमच्या केसमध्ये तोवर आतून सरकवायची टोपी १४ सेंमी रुंद, १५ सेंमी खोल बेलनासारखी करा, तेवढीही सपाट जाळीच्या चौपट-पाचपट होते. दर दोन महिन्यांनी आतून हात घालून ब्रशने साफ करा.

नळी आणि भिंतीमधल्या फटीत सिमेंट-वाळू १:४ भरा आणि वरून सिलिकॉन. पीयू फोम (फवारल्यावर फुगणारा) नको. तो पेट घेतो, उन्हात पिवळा पडून भुगा होतो आणि पक्षी तो टोचून काढतात.

पाचवा_मजला

धन्यवाद दोघांना. पाइप तीन आठवड्यांनी काढते. एक राहिलं: बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. तिथे जाळीऐवजी पंखा बंद झाल्यावर मिटणारं पट्ट्यांचं शटर लावलं तर जास्त पक्कं होईल ना?

गॅसफिटर_नाशिक

नको, ताई. गॅस गीझर असलेल्या बाथरूममध्ये मिटणारं शटर लावू नका.

घरातल्या छोट्या गीझरला बऱ्याचदा स्वतःचा धुराडा नसतो. जळलेला वायू बाथरूममध्येच सुटतो आणि बाहेर जायला ते एक भोक असतं. पंखा लावायला विसरलात आणि शटर मिटलेलं असलं तर ऑक्सिजन कमी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळतो तेव्हा येणारा वास सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो, जळल्यावर तो उरत नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, आणि माणूस आंघोळ करताना कोसळतो. चिमणीच्या काड्यांनी भोक अर्धं बुजलं तरी हेच होतं, म्हणून ते आज रात्रीच मोकळं करा आणि तोपर्यंत बादलीत पाणी तापवून घ्या.

तिथे १२ मिमीची उघडी जाळीच लावा. दाराला खालून १-२ सेंमी फट ठेवा, हवा आत यायला. गीझरची ज्योत निळी हवी. पिवळी झाली किंवा वर काजळी दिसली तर बंद करून माणूस बोलवा. सगळ्यात चांगलं म्हणजे गीझर बाथरूमच्या बाहेर, गॅलरीत हलवणं, पाइप आत आणता येतो.

निरीक्षणवही

एक भर: घरटं काढताना कोरडं झाडू नका. आधी साबणाचं पाणी फवारून ओलं करा, मग पिशवीत. शीटेची धूळ फुप्फुसात गेली की त्रास होतो, दमेकऱ्यांनी हे काम करूच नये. ब्लीच शीटेवर थेट ओतू नका, त्यातल्या अमोनियाबरोबर विषारी वायू होतो. सगळं उचलून, धुऊन झाल्यावर जागा पुसायला ब्लीच चालेल.

आणि पिल्लं उडाली की घरट्यातले बारीक किडे, माइट, रक्त मिळेनासं झाल्यावर घरात उतरतात आणि माणसाला चावतात. तिसऱ्या दिवशी काढा म्हटलं ते यासाठीही. पिशवी घट्ट बांधून लगेच बाहेर टाका.

एडिसनकर

न्यू जर्सीतून. इथे स्टार्लिंग, म्हणजे साळुंकीचीच भावंडं, कपडे वाळवायच्या ड्रायरच्या ४ इंची व्हेंटमध्ये घरटं करतात. इथल्या मराठी मंडळींसाठी दोनच गोष्टी. ड्रायरच्या तोंडावर कोणतीही जाळी लावू नका. कपड्यांचा कापूस तिच्यात अडकून आग लागते, बांधकामाच्या नियमावलीतही ती मना आहे. आपोआप मिटणारी झडप असलेलं तोंड लावा आणि महिन्याला एकदा कापूस काढा. दुसरं, स्टार्लिंग, हाउस स्पॅरो आणि कबुतर यांना १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचं संरक्षण नाही, पण बाथरूमच्या व्हेंटमध्ये रेन किंवा हाउस फिंच (इथले छोटे पक्षी) असेल तर आहे. अंडी असताना ते घरटं परवान्याशिवाय हलवता येत नाही, म्हणून आधी फोटो काढून पक्षी ओळखा.