१ टीबीची डिस्क १०० जीबीवरच भरली, नवी डिस्क कशी जोडू?

जकार्ड_सोलापूर:
नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मी डिझाइन खातं बघतो, सर्व्हरही माझ्याकडेच. उबुंटू २२.०४, १ टीबीची एसएसडी, सांबा शेअर (नेटवर्कवरून सगळे वापरतात तो फोल्डर). त्यावर ११ वर्षांची जकार्डची (नक्षी विणणाऱ्या मागाची) डिझाइनं आहेत. पंचकार्डांच्या काळातल्या चादरींची डिझाइनं बसून एकेक करून उतरवलीत, ती कार्डं आता कुठेच उरली नाहीत.

परवा दुपारी डिझाइनरला फाइल सेव्ह होईना. डीएफ (जागा दाखवणारी कमांड) लावलं तर रूट, म्हणजे सिस्टीमचा मुख्य भाग, ९८ जीबी, १०० टक्के भरलेलं. सर्व्हर बसवून देणारे गृहस्थ आता गावात नाहीत. २ टीबीची हार्ड डिस्क आणून ठेवलीय, एलव्हीएममध्ये (डिस्कची जागा हवी तशी वाटून देणारी सोय) ती जोडून जागा वाढते असं वाचलं. पण गड्ड्याच्या जत्रेआधी माल जायचाय, शेअर दिवसभर बंद ठेवता येत नाही. आणि फोल्डरचा पत्ता बदलला की मागावरच्या पोरांना फायली सापडत नाहीत, हे एकदा भोगलंय. कसं करू, सांगा की.

टर्मिनल_पुणे:
नवी डिस्क आत्ता खोक्यातच राहू द्या. आधी व्हीजीएस ही कमांड चालवून व्हीफ्रीचा (मोकळ्या जागेचा) रकाना बघा. डिस्क २०० जीबीपेक्षा मोठी असली की उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर रूटला १०० जीबीच देतो, बाकीची जागा व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (एलव्हीएमच्या जागेच्या साठ्यात) मोकळी सोडतो. तुमच्याकडे आठशेच्या वर जीबी पडून असणार. एलव्हीएक्सटेंड या कमांडला -आर लावलं की लॉजिकल व्हॉल्यूम (त्या साठ्यातून कापून घेतलेला भाग) आणि वरची फाइल सिस्टीम दोन्ही चालू सर्व्हरवरच वाढतात. मिनिटभराचं काम.

होटगी_रोड:
वरचं बरोबर आहे, पण सगळी जागा रूटला देऊन टाकू नका. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम चालू असताना वाढते, लहान करायची तर अनमाउंट करावी (वापरातून सोडवावी) लागते. म्हणजे रूटसाठी पेनड्राइव्हवरून बूट करणं आलं. म्हणून लागेल तेवढीच द्या, उरलेली ग्रुपमध्ये राहू द्या.

रूटला ५० जीबी वाढवा. डिझाइनांसाठी ४०० जीबीचं वेगळं लॉजिकल व्हॉल्यूम करा. उद्या ते भरलं तरी लॉग लिहायला आणि सर्व्हर चालायला रूटवर जागा राहील. आरसिंकने (बदललेलं तेवढंच कॉपी करणारी कमांड) डिझाइनं तिकडे न्या. मग सांबा थांबवून राहिलेला फरक परत एकदा आरसिंक करा, जुन्या फोल्डरचं नाव बदला, त्याच नावाचा रिकामा फोल्डर करून त्यावर नवं व्हॉल्यूम माउंट करा (जोडा). पत्ता तोच राहतो, पोरांना काही कळणार नाही. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय जोडायचं त्या यादीत) नोंद हवीच, नाहीतर वीज जाऊन सर्व्हर परत सुरू झाला की फोल्डर रिकामा दिसेल आणि कारखान्यात आकांत होईल.

आता त्या २ टीबीच्या डिस्कबद्दल, कारण माझा जीव तिथे अडकलाय. तुम्ही विणकामातले आहात म्हणून तसंच सांगतो. वार्पिंगला (ताणा गुंडाळताना) कितीतरी कोनांचं, म्हणजे रिळांचं, सूत एका बीमवर येतं. ग्रुपमध्ये दोन डिस्क घालून त्यांवर एकच व्हॉल्यूम पसरलं तर तसंच होतं: कुठली फाइल कुठल्या डिस्कवर, तुम्हाला दिसत नाही. सूत तुटलं तर गाठ मारता येते, इथे गाठ मारता येत नाही. एक डिस्क मेली की अख्खं व्हॉल्यूम हातचं जातं. मी एका ठिकाणी जुनी डिस्क अशीच ग्रुपमध्ये घातली होती. मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत ती गेली आणि चार वर्षांची बिलं गेली. दुसरी प्रत नव्हती. ते हिशेबनीस महिनाभर कागदावरून बिलं परत भरत बसले, मी शेजारी बसून वाचून दाखवत होतो.

टर्मिनल_पुणे:
मग मिरर करा ना. एलव्हीकन्व्हर्टने साधं व्हॉल्यूम रेड १ (दोन डिस्कांवर तेच एकाच वेळी लिहिलं जाणारं) करता येतं, तेही चालू असताना.

होटगी_रोड:
करता येतं, आणि डिस्क मेली तर उपयोगही आहे. पण पोराने चुकून फोल्डर डिलीट केला तर मिररमधून तो त्याच क्षणी दोन्हीकडून जातो. यांच्याकडे दुसरी डिस्क एकच आहे, तर ती वेगळी ठेवून रोज रात्री त्यावर प्रत घ्यावी. प्रत घेताना स्नॅपशॉट (व्हॉल्यूमची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) काढला तर मध्येच कुणी फाइल बदलली तरी अडचण नाही. त्यासाठीही ग्रुपमध्ये मोकळी जागा लागते. स्नॅपशॉटला दिलेली जागा भरली की तो बाद होतो, म्हणून २० जीबी तरी द्या आणि काम झालं की काढून टाका. आणि प्रतीतली एखादी फाइल उघडून बघा, नुसती यादी बघून विश्वास ठेवू नका.

जकार्ड_सोलापूर:
व्हीफ्री ८२८ जीबी निघाली! दोन महिने पोरांना फायली पुसायला लावत होतो, फार वाईट वाटलं. काल दुसरी पाळी सुटल्यावर बसलो. शेअर पंचवीस मिनिटं बंद होता, तेवढाच. एक अडचण आली: मी आतल्या फायली तारांकन लावून कॉपी केल्या, त्यामुळे वरच्या फोल्डरची मालकी रूटकडेच राहिली आणि सकाळी कुणाला नवी फाइल करता येईना. चोन (मालकी बदलणारी कमांड) लावल्यावर सुटलं. जुना फोल्डर आठ दिवस तसाच ठेवतोय.

२ टीबीवर पहिली प्रत आज पहाटे पूर्ण झाली. होटगी रोडवाल्या दादांनी सांगितलं म्हणून कार्डांवरून उतरवलेलं मोराच्या चादरीचं डिझाइन त्या प्रतीतून उघडलं आणि पिसाऱ्याचे ठिपके मूळ फाइलशी ओळीने ताडून पाहिले. सगळे जागेवर आहेत.