क्रोममधले अ‍ॅडवेअर (नको त्या जाहिराती घुसवणारा प्रोग्राम) काही केल्या निघत नाही, संगणकही मंदावला आहे – मदत हवी आहे

नमस्कार,

घरच्या डेस्कटॉपबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. विंडोज १०, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क असलेला हा संगणक पूर्वीही वेगवान नव्हताच, पण गेल्या तीन आठवड्यांपासून तो सुरू करून कामाला लागेपर्यंत दहा मिनिटे सहज जातात. एकही प्रोग्राम उघडलेला नसताना टास्क मॅनेजरमधला 'डिस्क'चा रकाना १०० टक्क्यांवर जाऊन बसलेला असतो.

सुरुवात माझ्याच हातून झाली. पीडीएफ फाइली एकत्र करण्यासाठी एक मोफत प्रोग्राम अनोळखी संकेतस्थळावरून उतरवला आणि इन्स्टॉल करताना काही न वाचता 'नेक्स्ट' दाबत गेलो. मधल्या एका खिडकीत आधीच खुणा केलेल्या चौकटी होत्या, हे नंतर आठवले. दुसऱ्या दिवसापासून क्रोममध्ये काहीही शोधले तरी भलतेच सर्च इंजिन उघडू लागले आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले आहेत' अशी सूचना सारखी येऊ लागली. तिच्यावर क्लिक केले नाही, एवढे शहाणपण मात्र सुचले.

तो प्रोग्राम मी कंट्रोल पॅनेलमधून काढला, विंडोज डिफेंडरचा पूर्ण स्कॅन केला (चार फाइली क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या कोंडून, ठेवल्या गेल्या) आणि क्रोमही काढून नव्याने घातले. तरीही मी कधी न घेतलेले एक एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) तिथे हजर आहे आणि ते काढण्याचे बटण चालतच नाही. क्रोमच्या मेनूत तळाशी हा ब्राउझर तुमची संस्था व्यवस्थापित करते, अशा अर्थाची ओळ दिसते. घरच्या संगणकाला कसली आली आहे संस्था? शिवाय साधारण तासाभराने एक काळी खिडकी क्षणभर उघडते आणि वाचायच्या आत मिटते.

फॉरमॅट करण्याची तयारी आहे, पण हे सारे परत कोण आणून बसवते, आणि फोटो व कागदपत्रे पेनड्राइव्हवर घेतल्यास संसर्गही सोबत जाईल का, हे आधी समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद

आपण सांगितलेल्या शेवटच्या दोन खुणा महत्त्वाच्या आहेत. ती काळी खिडकी म्हणजे बहुधा टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी विंडोजची सोय) लावून ठेवलेले काम, आणि 'संस्था' म्हणजे रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) लिहिलेली क्रोमची पॉलिसी, म्हणजे सक्तीचा नियम, जी क्रोम पुन्हा घातल्यानेही पुसली जात नाही. आधी इंटरनेट तोडा, मग शेड्यूलरमधले ते काम काढा आणि त्यानंतरच रजिस्ट्रीच्या पॉलिसीजमधली क्रोमची नोंद, तिचा बॅकअप घेऊन, काढा; क्रम उलटा केलात तर ते काम नोंद पुन्हा लिहून ठेवील. पुढे डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. तो विंडोज सुरू होण्याआधी चालतो आणि साधारण १५ मिनिटे घेतो. व्हायरसची सूचना हा बहुतेक एखाद्या संकेतस्थळाला नकळत दिलेल्या परवानगीचा परिणाम आहे. क्रोमच्या सेटिंग्जमधून नोटिफिकेशनची परवानगी काढून घ्या. फोटो आणि कागदपत्रे घ्यायला हरकत नाही, पण इन्स्टॉलर व इतर प्रोग्रामच्या फाइली घेऊ नका. महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. शेड्यूलरमध्ये अपडेटचे साळसूद नाव घेतलेले एक काम सापडले. ते डाउनलोड्समधल्या नव्हे, तर अ‍ॅपडेटाच्या लपलेल्या फोल्डरमधली फाइल चालवत होते. ते आणि रजिस्ट्रीतली नोंद काढल्यावर एक्स्टेंशन गेले, 'संस्था'ही गेली. संगणक सुरू व्हायला अजून चार मिनिटे लागतात, पण एवढी मंद हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम असताना तो दोष व्हायरसच्या माथी मारता येणार नाही. विंडोज १०चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले असल्याने एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसवायची वेगवान डिस्क) बसवावी की संगणकच बदलावा, हे आता ठरवायचे आहे.